दोष बॅटरीचा नव्हता

सोमाटणे फाट्यावरून शिरगावकडे वळणाऱ्या रस्त्याने गेल्या पंचवीस वर्षांत बरेच काही पाहिले. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग झाला, साईमंदिरामुळे गावाला ‘प्रतिशिर्डी’ असे नाव मिळाले, आणि भाताच्या खाचरांशेजारी इमारती उभ्या राहिल्या. या साऱ्या बदलांत गावातील एका किराणा दुकानासमोर एक काळी मोटारसायकल मात्र रोज सकाळी ठरल्या जागी उभी दिसे. 1999 साली घेतलेली ती हीरो होंडा स्प्लेंडर होती. स्प्लेंडर 1994 साली बाजारात आली. पुढे 2011 मध्ये कंपनीचे नावही बदलले. पण या गाडीच्या टाकीवर जुनी जोडनावाची पट्टी अजून होती. दुकानाचे मालक वयाने सत्तरीकडे झुकलेले. गावात सर्वजण त्यांना शेठ म्हणत. वडिलांच्या हयातीत घेतलेली ही शेवटची मोठी वस्तू, म्हणून शेठजींचा तिच्यावर जीव होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागणारी पुनर्नोंदणी त्यांनी दोनदा वेळेवर केली होती. हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा “आता ही भंगारात द्या” असे सांगून थकला होता.

अशा या गाडीची बॅटरी एका फाल्गुनात उतरली. सात-आठ वर्षे टिकलेली बॅटरी जाणारच, यात नवल नव्हते. तळेगाव दाभाडे येथील एका बॅटरी विक्रेत्याकडून शेठजींनी नवी घेतली. हा विक्रेता त्यांच्या जुन्या ओळखीचा. दोन्ही घरांत लग्नकार्याचे येणेजाणे. तीन महिने झाले नाहीत तोच हॉर्नचा आवाज बसला आणि इंडिकेटर लुकलुकेनासे झाले. बॅटरी काढून पाहिली, तो तिच्या दोन्ही बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आलेल्या. शेठजी ती घेऊन तळेगावला गेले. विक्रेत्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “शेठ, नुसती उतरली असती तर गोष्ट वेगळी. बॅटरी फुगते ती जास्त चार्जिंगने. एकदा गाडीचे चार्जिंग तपासून घ्या.” एवढे बोलून त्याने काही न घेता दुसरी बॅटरी बदलून दिली.

शेठजींनी बॅटरी घेतली, सल्ला मात्र दुकानातच ठेवला. गाडी तर एका किकमध्ये सुरू होत होती. मग तिच्यात बिघाड कसला? येथेच त्यांची पहिली चूक झाली. या जातीच्या जुन्या गाड्यांत इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटजवळच्या वेगळ्या कॉइलमधून मिळते. पुढचा मोठा दिवाही बॅटरीवर न चालता मॅग्नेटच्या विजेवर चालतो. बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एवढीच किरकोळ कामे असतात. त्यामुळे चार्जिंगमध्ये कितीही गोंधळ झाला तरी गाडी धावतच राहते आणि मालकाला वाटते की सर्व ठीक आहे. गल्ला रोज भरतो म्हणून वर्षानुवर्षे खतावणी न पाहणाऱ्या दुकानदाराची जी गत होते, तीच येथे होते.

पावसाळा लागला. मावळातल्या पावसात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. आषाढात पुढच्या दिव्याचा बल्ब गेला. नवा घातला, तो पंधरा दिवसांत गेला. “हल्ली बल्बच टिकत नाहीत,” असे म्हणून शेठजींनी तिसरा घातला. एरवी त्यांचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याची सवय. अंधारात गाडी चालवण्याचा प्रसंग क्वचितच येई. त्यामुळे बल्ब जातो केव्हा, गाडी हळू असताना की वेगात असताना, याकडे त्यांचे लक्षच गेले नाही. श्रावणात दुसरी बॅटरीही फुगली.

या वेळी तळेगावच्या दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. विक्रेत्याने पुन्हा तोच सल्ला दिला, आणि शेठजींचा संयम सुटला. पन्नास वर्षे व्यापार केलेल्या माणसाला टाळाटाळ ओळखू येते, असा त्यांचा समज. “माल तुमचा खराब, आणि दोष माझ्या गाडीचा? असा धंदा मी कधी केला नाही,” असे ते सर्वांसमोर मोठ्याने बोलले. विक्रेता गप्प राहिला. गिऱ्हाइकांपैकी एक जण काही न घेताच निघून गेला. फुगलेली बॅटरी पिशवीत घालून शेठजीही पायऱ्या उतरले आणि ती तशीच गाडीला पुन्हा जोडून घरी आले.

त्याच आठवड्यात गुरुवारी वडगावला तहसील कचेरीत काम होते. रांगेत उशीर झाला आणि परतताना अंधार पडला. गुरुवार असल्याने मंदिराकडे जाणारी माणसे रस्त्याच्या कडेने चालत होती. फाट्यावरून आत वळल्यावर रस्ता मोकळा दिसला म्हणून शेठजींनी गाडीला थोडा वेग दिला. खालचा दिवा गेला. त्यांनी बटण वर सरकवले. वरचा दिवा क्षणभर डोळे दिपतील इतका पांढरा लखलखला आणि तोही विझला. समोर काळोख. अंदाजाने ब्रेक दाबला, गाडी ओल्या रस्त्यावर आडवी सरकत थांबली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा पुढच्या चाकापासून दोन हातांवर एक म्हातारी बाई उभी दिसली; तिच्या हातात नारळाची पिशवी आणि बोटाला धरलेले लहान मूल. ती काही बोलली नाही. मुलाला पलीकडच्या बाजूला घेऊन पुढे चालू लागली. शेठजींनी उरलेले अंतर गाडी ढकलत पार केले. पावलापासून कुंथूपर्यंत जीव सांभाळण्याचे संस्कार असलेल्या त्या माणसाला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाट्यावरच्या गॅरेजमधील तरुण मिस्त्रीला बोलावले. त्याने बल्ब आणला नाही, मल्टिमीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरीच्या टोकांना तारा लावल्या. आकडा बारा व्होल्टांच्या किंचित वर होता. गाडी सुरू करून हळूहळू रेस वाढवली. आकडा चौदावर आला, पंधरावर गेला, सोळा ओलांडून वर चढतच राहिला. “शेठ, बॅटरी बिचारी काय करणार?” तो म्हणाला. “पंधराच्या पुढे तिला उकळायला लावताय तुम्ही. आणि बल्बही यामुळेच उडतात. रेस द्याल तितका दाब वाढतो.”

मग त्याने समजावून सांगितले. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतल्या तांब्याच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ही वीज सतत दिशा बदलणारी असते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा दाब वाढत जातो. बॅटरीला मात्र एकाच दिशेची आणि ठरावीक दाबाची वीज लागते. ही दोन्ही कामे एक लहानशी डबी करते. तिच्या अंगाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. गॅरेजमध्ये तिला आरआर युनिट म्हणतात, म्हणजे रेग्युलेटर आणि रेक्टिफायर. रेक्टिफायर विजेला एक दिशा देतो. रेग्युलेटर जादा वीज अडवून दाब चौदा ते पंधरा व्होल्टांच्या आत ठेवतो. या डबीतून चार तारा निघतात. पांढरी चार्जिंगच्या कॉइलकडून येते, पिवळी दिव्याच्या बाजूची, लाल बॅटरीकडे जाणारी, आणि हिरवी अर्थची. रेग्युलेटर निकामी झाला की इंजिन जितकी वीज देईल तितकी सारी बॅटरीवर आणि दिव्यावर कोसळते.

मिस्त्रीने लगेच डबी बदलली नाही. आधी हिरव्या तारेचा जोड उघडला. पंचवीस पावसाळ्यांचे पाणी तेथे मुरले होते. पितळी पिन हिरव्या पडल्या होत्या. “अर्थ सैल असला तरी हाच त्रास होतो. नवी डबी घालून जोड तसाच ठेवला, तर नवीही बिघडेल,” असे म्हणत त्याने पिना घासून लख्ख केल्या आणि पुन्हा मोजले. आकडा अजूनही सोळाच्या पुढेच. मग गॅरेजमधील दुसऱ्या चांगल्या गाडीची डबी काढून तात्पुरती जोडली. रेस कितीही वाढवली तरी आकडा साडेचौदाच्या आत थांबला. दोष कोठे आहे याविषयी आता शंका उरली नाही.

नवे अस्सल युनिट आणले. बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडवली. एक बोल्ट काढून जुनी डबी उतरवली. बसवण्याची जागा गंजापासून साफ केली. नवी घट्ट आवळली. जोडावर पाणी शिरू नये म्हणून थोडी व्हॅसलीन लावली. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरणे धोक्याचे, म्हणून ती त्याने बाजूला ठेवली. सारे काम अर्ध्या तासाचे होते, आणि युनिटची किंमत एका बॅटरीच्या किमतीहून कमी.

नवी बॅटरी आणायची कोठून, हा प्रश्न उरला. चिंचवडला दुकाने पुष्कळ. तेथे कोणी ओळखीचे नव्हते, म्हणजे मान खाली घालण्याचाही प्रसंग नव्हता. शेठजींनी दुपारभर विचार केला. संवत्सरी महिन्याच्या आत आली होती. त्या दिवशी सर्वांबरोबर हात जोडून क्षमा मागता आली असती. पण शब्द चार गिऱ्हाइकांसमोर गेले होते, आणि क्षमा सर्वांना एकाच वेळी मागितली की कोणाची मागितली हे कोणालाच कळत नाही. तिथीची वाट न पाहता ते दुसऱ्याच दिवशी तळेगावला गेले. दुकानात गर्दी होईपर्यंत बाहेर थांबले आणि मग आत शिरले.

“भाऊ, दोष तुमच्या मालात नव्हता. माझ्या गाडीत होता. तुम्ही दोनदा सांगितले, मी ऐकले नाही, वर तुमच्या दुकानात तुमच्याच धंद्याविषयी भलते बोललो. तीन महिन्यांपूर्वी बदलून दिलेल्या बॅटरीचे पैसे घ्या, आणि आज आणखी एक द्या, तिचेही घ्या.”

विक्रेत्याने वही काढली. तेव्हा शेठजींना कळले की बदलून दिलेली ती बॅटरी कंपनीने मान्य केलीच नव्हती. जास्त चार्जिंगने फुगलेला माल हमीत बसत नाही. ते नुकसान विक्रेत्याने स्वतःच्या खात्यात मांडले होते आणि त्याविषयी अवाक्षरही काढले नव्हते. त्याने पैसे घेतले, मोजले, पावती केली आणि वहीतील ती ओळ एका रेघेने बंद केली. “राहू द्या हो” असे तो म्हणाला नाही, आणि शेठजींना त्याबद्दल त्याचा अधिकच आदर वाटला. दान दिलेली वस्तू मनात राहते. फिटलेला हिशेब दोघांनाही मोकळे करतो.

दोन्ही फुगलेल्या बॅटऱ्या त्याने ठेवून घेतल्या. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2001 च्या नियमांनी विक्रेत्यांवर टाकली होती. 2022 च्या नव्या नियमांनी ती मुख्यतः उत्पादकांवर आणली. त्यांतील शिसे आणि आम्ल उकिरड्यावर गेले, तर माती, पाणी आणि त्यांतील जीव या सर्वांनाच ते बाधते. शिरगावच्या घरातही माळ्यावर एक जुनी बॅटरी पडून होती. पुढच्या फेरीत तीही तळेगावला पोहोचली.

दिवाळीनंतर शेठजी पुन्हा त्या दुकानावरून गेले, तेव्हा काउंटरवर एक नवा मल्टिमीटर दिसला. बॅटरी घ्यायला आलेल्या एका तरुणाला विक्रेता सांगत होता, “आधी गाडी सुरू करा, रेस द्या. आकडा पंधराच्या आत राहिला तरच बॅटरी देतो.” तरुण कुरकुरत होता. शेठजी थांबले आणि त्याला म्हणाले, “करून घ्या बाबा. दोन मिनिटांचे काम आहे.”

स्प्लेंडर अजून दुकानासमोर उभी असते. पुनर्नोंदणीच्या वेळी दिवे, हॉर्न आणि इंडिकेटर सारे पहिल्याच तपासणीत चालले. मुलाने भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही. शेठजींनीही एक सवय लावून घेतली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मीटर लावून आकडा पाहतात आणि तो खतावणीच्या मागच्या पानावर, उधारीच्या नोंदींखाली, तारखेसह लिहितात. गेल्या महिन्याचा आकडा होता 14.3.