काडी आली, केबल गेली



माझे काम बांधावर येऊन चार गोष्टी सांगण्याचे. बीजप्रक्रिया, फवारणी, योजनांचे अर्ज. आज मात्र टीव्हीबद्दल सांगणार आहे, आणि त्यात माझीच चूक कबूल करायची आहे. तेव्हा जरा धीराने वाचा.

२०२४ च्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून गावी आला तो एक काडी घेऊन. बोटाएवढी लांब, काळी. टीव्हीच्या मागच्या खाचेत बसवायची, घरातल्या इंटरनेटला जोडायची, की मालिका, सिनेमे, बातम्या, यूट्यूब सगळे त्याच टीव्हीवर. पहिल्या पगारातून चार हजार मोजून आणली होती. पोराचे कौतुक वाटणारच. आमचे घर बार्शी तालुक्यातले. मी नोकरीमुळे तालुक्याच्या गावी असतो. शेती धाकटा भाऊ बघतो आणि आई त्याच्याकडेच असते.

मी ओट्यावर बसूनच हिशेब मांडला. केबलचे महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे छत्तीसशे. २०१९ साली नवी दरपद्धत आली तेव्हा नुसत्या जोडणीचेच १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे झाले. पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. तेव्हापासून ते बिल माझ्या डोळ्यात सलत होते. इंटरनेट तर पुतणीच्या अभ्यासासाठी घरात आलेलेच होते. मी भावाला म्हणालो, "केबल बंद कर. काडीचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात वसूल." दुसऱ्या दिवशी केबलवाला वायर गुंडाळून घेऊन गेला.

इथे एक सांगून ठेवतो. तारेचे इंटरनेट घरात आधीपासून असेल तरच हा हिशेब जमतो. आमच्या एका शेजाऱ्याने आमचे पाहून काडी आणली आणि मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर लावली. साध्या चित्राला तासाला एक जीबीपर्यंत खर्ची पडतो, एचडी चित्राला तीनपर्यंत. त्यांचा सिनेमा रोज मध्यंतरालाच संपे. आणि काडी घेतली म्हणजे सगळे फुकट, असेही नाही. बऱ्याच मालिका-सिनेमांची वर्गणी निराळी भरावी लागते.

आता आईची गोष्ट. वय ब्याऐंशी. अक्षरओळख नाही, पण आकडे पक्के. केबलच्या रिमोटवर कोणते तीन आकडे दाबले की बातम्या आणि कोणते दाबले की कीर्तन, हे तिला बोटांनी पाठ होते. दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून झाला की ती स्वतः टीव्ही लावी. कोणाला हाक मारावी लागत नसे. काडीच्या रिमोटवर आकडेच नाहीत. एक गोल चकती आणि बोलायचे एक बटण. पुतण्या म्हणाला, "आजी, आता तुला पाहिजे ते बघ." ती म्हणाली, "काय पाहिजे ते मला कुठं माहीत असतं? लागलं की बघायचं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

बोलायचे बटण दाबून ती एकदा म्हणाली, "बातम्या लाव रं बाबा." काडीला आमच्या बार्शीकडची मराठी काय समजली कोण जाणे, तिने भलताच हिंदी सिनेमा लावला. आईने रिमोट खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मधूनच लाईट जाई. लाईट आली तरी इंटरनेट जुळायला काही मिनिटे लागत, तेवढ्यात तिला वाटे की आपल्या हातून काही बिघडले. महिनाभराने मी गावी गेलो तर संध्याकाळी टीव्ही बंद आणि आई अंधारात बसलेली. विचारले तर म्हणाली, "पोरं अभ्यास करत्यात, त्यांना कशाला बोलावू?" मला फार लागले. छत्तीसशे रुपये वाचवताना तिच्या हातातली एक गोष्ट मी काढून घेतली होती, आणि तिला विचारलेही नव्हते.

हीच आई १९८७ साली रविवारी सकाळी भाकऱ्या उरकून ग्रामपंचायतीसमोर पोत्यावर बसून रामायण बघायची. एका टीव्हीपुढे अख्खा गाव. पुढे घरोघरी टीव्ही आले. मुंबई दूरदर्शनचा "आमची माती, आमची माणसं" लागला की बापे माणसे पुढे सरकून बसत. त्यात एक खोट होती. नेमकी तेव्हा म्हैस आरडायला लागली तर धार काढायला उठावे लागे आणि कार्यक्रम निघून जाई, पुन्हा विचारायची सोय नाही. पण विद्यापीठाचा माणूस समोर बसून बोले, आणि काय दाखवायचे ते कोणीतरी जाणत्याने आधी पाहिलेले असे.

काडीत तसे पाहणारा कोणी नाही, हे मी विसरलो. विस्ताराच्या नोकरीत इतकी वर्षे काढून विसरलो, हे सांगताना लाज वाटते.

भावाची दोन एकर तूर त्या वेळी फुलात होती. त्याने एका रात्री मोठ्या पडद्यावर शोधले, "तुरीची फूलगळ". एक व्हिडिओ निघाला. मागे हिरवेगार शेत, बोलणारा गोड बोलणारा. कीटकनाशक, बुरशीनाशक आणि एक टॉनिक एकत्र करून फवारायचे, प्रमाण एका पंपाला इतके. तो एक पाहिला की त्याच्याच भावकीतले दहा पुढे येतात. सगळे तेच सांगणारे. दहा जण सांगतात म्हणजे खरे असणार असे भावाला वाटले. त्याने फवारले. तिसऱ्या दिवशी पाने कडेने करपली आणि झाडाखाली फुलांचा सडा पडला.

मी जाऊन तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा उलगडा झाला. त्यातला माणूस पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाचे प्रमाण सांगत होता. पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागते, म्हणून साध्या पंपाच्या तिप्पट औषध एका टाकीत घालावे लागते. हे तो बोललाच नव्हता. मागे पंप दिसत होता तेवढाच. भावाचा पाठीवरचा बॅटरीचा पंप. म्हणजे तिप्पट औषध गेले, वर एकमेकांशी जुळतील की नाही हे न पाहिलेली तीन औषधे एकत्र. आणि शेवटी जो मोबाईल नंबर झळकला तो त्याच टॉनिकवाल्याचा.

"मला एक फोन का नाही केलास?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"दादा, तुझ्या काडीनंच सांगितलं की," तो म्हणाला. मला पुढे बोलता येईना.

तूर एवढे बरे की पुन्हा फुलते. विहिरीचे एक पाणी दिले, घाटेअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसल्याशिवाय औषधाची बाटली उघडायची नाही, असे भावाकडून कबूल करून घेतले. दुसऱ्या बहराने थोडे सावरले, तरी माल नेहमीच्या निम्म्यावरच आला.

काडी मी काढून टाकली नाही. ती वाईट नाही. द्राक्षाची छाटणी दाखवताना चित्र थांबवून डोळा कुठला धरला ते बघता येते, दहा वेळा मागे नेता येते; ही सोय आमच्या लहानपणी असती तर म्हशीशी भांडावे लागले नसते. कृषी विद्यापीठांचे आणि कृषी विज्ञान केंद्रांचे स्वतःचे व्हिडिओ त्यात आहेत. पुतणीने ते पडद्यावर पुढे आणून ठेवले आहेत. बाकी कोणाचा पाहिलाच तर व्हिडिओ कोणत्या भागातला, कधीचा, पंप कोणता, बोलणारा काही विकतो का, एवढे बघतो. आणि औषधाच्या डब्यावरच्या लेबलात त्या पिकाचे नाव नसेल तर विषय तिथेच बंद.

आईसाठी छपरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसवली. एकदाच दोन हजारांच्या आत खर्च आला, महिन्याचे काही नाही. सह्याद्री त्यावर दिसते, २०१५ साली सुरू झालेली डीडी किसानही दिसते. आणि मुख्य म्हणजे त्या रिमोटवर आकडे आहेत. काडी एका खाचेत, छत्री दुसऱ्या खाचेत. अदलाबदलीच्या बटणावर पुतणीने कुंकवाएवढी लाल टिकली चिकटवून दिली. दोन दिवसांत आईच्या बोटांना नवे आकडे पाठ झाले. तिची जुनी मालिका तेवढी छत्रीवर नाही, ती पुतणी काडीवर लावून देते आणि अभ्यासाचे पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसते.

परवा गावी गेलो होतो. भावाने मला हाताला धरून टीव्हीपुढे बसवले. "दादा, ही हुमणीची माहिती बघ. खरी हाय का, सांग."

आईने लाल टिकली दाबली. म्हणाली, "हुमणी नंतर. आधी बातम्या होऊ द्या."