धावत्यावर बार

धावत्या डुकरावर बार टाकायचा तर नेम डुकरावर धरायचा नसतो. काशीमिऱ्याजवळच्या चेण्याकडचे एक ओळखीचे म्हातारबाबा हे सांगताना तर्जनी हवेतून सरकवत नेतात आणि चाप ओढल्यावरही बोट थांबवत नाहीत. हात थांबला की बार मागे पडला. मी हिशेब करून पाहिला. ताशी 40 किलोमीटरने सुटलेलं रानडुक्कर सेकंदाला 11 मीटर कापतं. 40 मीटरवर गोळी पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा धरला, तरी तेवढ्यात ते मीटरभर पुढे गेलेलं असतं. खांद्यामागे धरलेला नेम शेपटामागे पडतो, थोडा कमी चुकला तर पोटात बसतो. ठासणीच्या बंदुकीत टोपी फुटून दारू पेटेपर्यंतचा क्षण वेगळाच. आणि दुसरा बार नाही.

कसब आहेच, नाही कसं म्हणू? पण साहेबी शिकारीने त्यावर नीतीचा मुलामा चढवला: बसलेलं पाखरू मारणं हलकं, उडतं टिपणं खानदानी. जनावराला संधी द्यायची म्हणे. निसटायची जेवढी संधी, तेवढीच पोट फुटून करवंदीच्या जाळीत कण्हत मरायची. चंपावतची नरभक्षक वाघीण शिकारी कॉर्बेटने 1907 साली मारली, तेव्हा तिचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले निघाले. ती माणसांकडे वळली ती त्यामुळेच, असं त्याने लिहून ठेवलंय. तिच्या नावावर 436 बळी आहेत. कुणाचा तरी नेम जरासा हुकला होता.

हाक्यात तर जनावर धड दिसतही नाही. हाकारे ओरडतात, पाचोळा वाजतो, कारवी हलते आणि हललेल्या कारवीवर बार सुटतो. दशरथाचं याहून वेगळं काय झालं होतं? वसईच्या खाडीपलीकडे, मनोरजवळच्या बोरशेतीच्या रानात 2025 च्या जानेवारीत डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, आणि मग कित्येक दिवस गप्प राहिले.

1972 च्या कायद्यानंतरही परवान्याने थोडीफार शिकार चालायची. 1991 च्या दुरुस्तीने तीही मोडीत निघाली. आता काशीमिऱ्याच्या बाजूला बिबट्या उतरला तर नेम धरतात वनखात्याची माणसं, आणि बंदुकीत असतं भुलीचं इंजेक्शन. धावत्या जनावरावर ते शक्यतो मारत नाहीत. सुई मांडीच्या जाड मांसात बसायला हवी. पोटात नाहीतर बरगड्यांत घुसली तर जीवावर बेतायचं. औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि भेदरून पळणाऱ्याला ते नीट चढतही नाही. म्हणून गर्दी हटवायची, गलका थांबवायचा, तो कुठेतरी दबून बसेपर्यंत वाट पाहायची. गर्दी मात्र हटत नाही. मीरा-भाईंदरात गॅलरी-गॅलरीतून मोबाइल बाहेर आलेले असतात. हाका आपणच घालतो.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. "बसलेल्याला कुणीपण मारंल."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पण मग उठतो ना तो?"

उठतो, म्हटलं.