संगमरवरी खडक आणि चुकलेली शिट्टी

जबलपूरला जायचे ते भेडाघाटसाठी, असेच ठरवून आम्ही दोघे मुंबईहून रात्रीच्या हावडा मेलने निघालो होतो. सकाळी जाग आली तेव्हा गाडी मध्य प्रदेशात शिरली होती. इटारसी, पिपरिया, नरसिंहपूर मागे टाकत दुपारी आम्ही जबलपूरला उतरलो. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग याच गावी एकमेकांना भेटले. रेल्वेच्या इतिहासात जबलपूरचे नाव आहे ते त्यामुळे.

स्टेशनवर माझा मावसभाऊ आला होता. मावशीचे घर इथे साठ वर्षांपासून आहे. जबलपूरला मराठी माणूस काही नवा नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुढे इंग्रजांची छावणी आली, १९०४ च्या सुमारास तोफगाड्यांचा कारखाना आला, नंतर खमरियाचा दारूगोळ्याचा आणि लष्करी वाहनांचा. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आणि पुण्या-साताऱ्याकडून कितीतरी कुटुंबे आली आणि इथलीच झाली. आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, उमेदीची चार वर्षे पुण्यात काढली आणि बाकी सगळी नोकरी जबलपूरच्या कारखान्यात. घरात मराठीच बोलतात, पण "काय करून राहिली?" अशी. ऐकायला फार गोड वाटते.

घरी पोहोचलो तर वातावरण तंग. माझा अकरा वर्षांचा भाचा पलंगावर पालथा पडलेला. ना हाक, ना नमस्कार.

वहिनींनी हळूच सांगितले ते असे. शाळेचे क्रीडासंमेलन चालू होते. सकाळी दोनशे मीटरची शर्यत झाली. सरांनी शिट्टी वाजवली, पण एक मुलगा क्षणभर आधीच सुटला होता. सरांनी थांबण्यासाठी लगेच दुसरी शिट्टी दिली. चार मुले थांबली. आमचे चिरंजीव आणि आणखी दोघे थांबले नाहीत, कारण पोरांच्या आरड्याओरड्यात त्यांना ती ऐकूच आली नाही. हा जीव खाऊन पळाला आणि पहिला आला. रिबिनीला छाती लावून हात वर केले, तेव्हा सर म्हणाले, "शर्यत रद्द. सोमवारी पुन्हा."

"मी तर शिट्टी झाल्यावरच पळालो," उशीतून आवाज आला. "मग माझी चूक काय?"

वहिनी मुलाच्या बाजूच्या, दादा नियमाच्या बाजूचा. "थांबलेल्या चार मुलांचं काय?" हे त्याचे म्हणणे. "आणि न थांबलेल्यांनी काय पाप केलं?" हे वहिनींचे. मला दोघांचेही पटत होते. पाहुण्याने अशा वेळी चहा प्यावा, तसा मी प्याले.

काका इतका वेळ आरामखुर्चीत गप्प होते. पुण्यात असताना त्यांना रेसकोर्सचा नाद होता. पैसे लावण्याचा नाही (असे ते म्हणतात, मावशी हसते), घोडे बघण्याचा. त्यांनी नातवाला हाक मारली, "उठ रे. तुझ्यासारखाच एक घोडा होता, त्याची गोष्ट सांगतो."

गोष्ट खरी आहे. ३ एप्रिल १९९३. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्रीच्या मैदानावर ग्रँड नॅशनल नावाची शर्यत दरवर्षी होते. तेव्हा ती साडेचार मैलांची होती, वाटेत तीस अडथळे आणि घोडे ३९. जगभर कोट्यवधी लोक टीव्हीवर बघणारे. तिथे घोड्यांपुढे आडवी फीत ताणलेली असते. ती वर उडाली की घोडे सुटतात. सुरुवात चुकली, तर सोडणारा अधिकारी निशाण उंचावतो आणि ते पाहून पुढे मैदानात उभा असलेला माणूस आपली झेंडी हलवून स्वारांना परत बोलावतो. त्या दिवशी एकदा सुरुवात चुकली आणि सगळे परत आले. दुसऱ्या खेपेला फीत एका स्वाराच्या, रिचर्ड डनवुडीच्या, मानेभोवती अडकली. अधिकाऱ्याने निशाण उंचावले, पण ते उलगडलेच नाही. नऊ जण थांबले. तीस जण निघून गेले.

"आणि मग?" भाचा उठून बसला होता.

मग पंचाईत. प्रेक्षक ओरडत होते, स्वारांना वाटले की प्रोत्साहन देत आहेत. काहीजण पहिला फेरा संपता संपता थांबले. सात घोड्यांनी मात्र शर्यत पूर्ण केली. पहिला आला एशा नेस, एकास पन्नास भाव असलेला. त्याला तयार करणारी जेनी पिटमन शर्यत चालू असतानाच अधिकाऱ्यांकडे धावली होती, "थांबवा हो" म्हणत. घोडा तिचाच पुढे होता, पण हा निकाल टिकायचा नाही हे तिला कळले होते. स्वार जॉन व्हाइट याला अंतिम रेषा ओलांडल्यावर समजले की आपण काहीच जिंकलेलो नाही. शर्यत रद्दबातल झाली. लोकांनी लावलेले सुमारे साडेसात कोटी पौंड परत द्यावे लागले.

"पुन्हा नाही पळवली?"

"साडेचार मैल पळून, तीस अडथळे ओलांडून दमलेलं जनावर पुन्हा कसं पळवणार? आणि ज्यांनी निशाण पाहून नियम पाळला, त्या नऊ जणांना तू हरलेले म्हणणार का?"

भाचा विचारात पडला. मग त्याने जे विचारले त्याला काकांपाशीही उत्तर नव्हते. "आजोबा, घोड्याला थोडंच माहीत की रद्द झाली? त्याला त्या दिवशी चंदी जास्त मिळाली असेल ना?"

रात्री जेवताना हाच विषय. काका रंगात आले होते. हल्ली सपाट मैदानाच्या शर्यतीत लोखंडी कप्पे असतात, कळ दाबली की सगळ्यांची दारे एकदम उघडतात. पण एखाद्याचे दार अडकले तर? सर्वसाधारण तत्त्व असे की दार उघडलेच नाही, तर तो घोडा शर्यतीत नव्हताच असे मानून त्याच्यावर लावलेले पैसे परत करायचे. दार उघडले आणि घोडाच अडून बसला, तर पैसे गेले. ऑस्ट्रेलियात तर घोड्याला रास्त सुरुवात मिळाली नाही असे पंचांना वाटले, तर ते त्याला नंतरही शर्यतीबाहेर धरू शकतात. बाकीच्यांचा निकाल मात्र कायम राहतो.

मला यात एक गोष्ट खटकली आणि मी बोलूनही दाखवली. पैसे लावणाऱ्याचे पैसे परत मिळाले, ठीक. पण वर्षभर त्या घोड्याला चारणाऱ्या, खरारा करणाऱ्या मोतद्दाराला काय परत मिळाले?

"अगं, त्याचा विचार नियमात नसतो," काका म्हणाले.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत हा प्रश्न थोडा निराळा येतो. पुणे जिल्ह्यात घाटावर एकेक गाडा स्वतंत्र पळतो आणि सेकंद मोजले जातात, त्यामुळे एकाची सुरुवात बिघडली तरी दुसऱ्याचे बिघडत नाही. सातारा-सांगलीकडे गाड्या एकाच वेळी सुटतात, तिथे झेंडापंचाची खरी कसोटी. २०१४ च्या बंदीनंतर या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानेही कायदा मान्य केला. पंचांवरून होणारी भांडणे मात्र कोणत्याच न्यायालयाला मिटवता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. शहरापासून वीसेक किलोमीटर. आधी धुवांधार पाहिला. नर्मदा खाली कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो, नाव अगदी सार्थ. मग चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढलो. कलचुरींच्या काळातले हे मंदिर वर्तुळाकार आहे. मूर्ती भग्न आहेत, तरी पाय निघत नाही. आणि शेवटी पंचवटी घाटावरून नाव. दोन्ही बाजूंना पांढरे, करडे, कुठे निळसर झाक असलेले संगमरवरी कडे, मधून शांत, खोल पाणी. नावाडी यमके जुळवत हिंदीत वर्णन करतो. निम्मे खरे, निम्मे त्याचे. हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात नावा बंद असतात. पौर्णिमेची रात्र साधता आली तर उत्तमच.

परतताना तिलवारा घाट लागला. १९३९ साली याच परिसरात त्रिपुरी काँग्रेस भरली होती. सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी निवडून आलेले, पण तापाने फणफणलेले. मिरवणुकीत ५२ हत्ती होते. अध्यक्ष मात्र आजारी. महिना-दीड महिन्यातच त्यांना राजीनामा द्यावा लागला. "जिंकूनही पद लाभलं नाही," काका म्हणाले आणि नातवाकडे बघून गप्प बसले. बहुधा त्यांना तुलना जरा मोठी झाल्यासारखी वाटली असावी.

गाडीत पुन्हा घोड्यांवरच गाडी आली. २०२५ च्या उन्हाळ्यात जबलपूरजवळच्या पनागर भागात, रायपुरा गावी, हैदराबादहून शर्यतीचे ५७ घोडे आणले गेले होते. त्यांतले कित्येक काही दिवसांतच दगावले. ग्लँडर्सच्या शंकेने रक्ताचे नमुने हिसारला गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. काका ती बातमी रोज वाचत होते, असे मावशीने सांगितले. "पुण्यात सकाळी कसरतीला निघालेले घोडे पाहिलेत मी," एवढेच ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. नियमांवर तासभर बोलणारे काका यावर काही बोलले नाहीत.

रविवारी आम्ही निघालो. कमानिया गेटजवळून वहिनींनी इथली प्रसिद्ध खोव्याची जिलबी डब्यात भरून दिली. ती काळसर दिसते, पण एकदा खाल्ली की आपल्याकडची आठवत नाही. भाचा स्टेशनवर आला, पण सोमवारबद्दल चकार शब्द बोलला नाही.

सोमवारी रात्री फोन वाजला.

"आत्या, तिसरा आलो."

मी काय बोलावे याचा विचार करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "सकाळी मीच सरांना सांगितलं, दुसरी शिट्टी मोठी आणा म्हणून. त्यांनी स्काउटची आणली. पण या वेळी लागलीच नाही."

मग वहिनींनी फोन घेतला आणि विचारले, जिलबी प्रवासात चेपली तर नाही ना?