दाबाच्या खुणा

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, हे मी दरवर्षी भाषेच्या तासाला सांगत आलो आहे. मूळ शब्द ‘कार्तुशु’. पगार, बटाटा, चावी यांच्याच पंगतीतला. तो उच्चारताना १८५७ची आठवण निघते, मुले थोडी सावरून बसतात आणि मी पुढच्या शब्दाकडे वळतो. प्रत्यक्ष काडतूस मात्र मी प्रथम हातात घेतले ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मावसभावाच्या तळघरात.

दादा तिकडे पंचवीस वर्षे आहे. शरद ऋतूत तो एल्कच्या, म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतल्या एका थोराड हरणाच्या, शिकारीला जातो आणि त्यासाठीची काडतुसे स्वतः भरतो. तिथे स्वतःच्या वापरापुरते असे करायला वेगळा परवाना लागत नाही. शस्त्रांविषयी माझ्या मनात जी अढी होती ती आजही आहे. पण कोणाही माणसाला आपले काम मन लावून करताना पाहणे मला आवडते, म्हणून मी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसू लागलो.

काम नाजूक होते. वापरलेले पितळी आवरण दाबयंत्रात घालून पूर्ववत मापात आणायचे, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. दारू ‘ग्रेन’मध्ये तोलतात. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा. आपल्या सोनारांची गुंज जवळपास दोन ग्रेनची. दादाची रायफल १९६३ साली बाजारात आलेल्या .३०० विंचेस्टर मॅग्नम या काडतुसाची. ‘मॅग्नम’ हे नाव मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचे. ज्या काडतुसात नेहमीपेक्षा अधिक दारू मावते त्याला ते चिकटले. त्यातून १८० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. त्यासाठी आवरणात क्षणभर जो दाब निर्माण होतो, त्याची मान्य कमाल सरासरी दर चौरस इंचाला ६४,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण दोन हजार पट! चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

हा दाब घरी मोजता येत नाही. मग तो ओळखायचा कसा? दादाने उडवलेली काही आवरणे ओळीने मांडली आणि भिंग माझ्या हाती दिले. टोपीच्या गोल कडा सपाट झाल्या आहेत का? टोचणीच्या खड्ड्याभोवती काठ उभा राहिला आहे का? बुडाच्या पितळेवर चकचकीत ठसा उमटला आहे का? बार उडाल्यावर खटका उचलायला जड गेला का? टोपीचे घर सैल झाले आहे का? या साऱ्या दाबाच्या खुणा.

मी हरखून गेलो. हे तर माझेच काम! ओळीतला एखादा अनपेक्षित शब्द, मध्येच तुटलेले वाक्य, यांवरून आत काय घडले ते ओळखायचे, असेच मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो. दोन दिवसांत मी मोठ्या आत्मविश्वासाने आवरणे ‘वाचू’ लागलो. एक हातात घेऊन म्हणालो, “हे निर्दोष आहे. टोपी बघ, कशी गोल आहे.”

“अरे, तेच सगळ्यात वाईट,” दादा म्हणाला. त्याने वही काढली.

आदल्या वर्षी त्याने चाळीस काडतुसे भरली होती. वजन नेहमीचेच, पण दारूचा डबा नवा होता, दुसऱ्या खेपेच्या उत्पादनातला. अशा दोन खेपांच्या जळण्यात थोडा फरक असू शकतो. पहिले तीन बार वेगमापकापुढे झाडले तेव्हा वेग अपेक्षेपेक्षा सेकंदाला तीस मीटरने अधिक आला. भरणीच्या पुस्तकात तेवढ्याच लांबीच्या नळीसाठी, त्याच गोळीसाठी, जी कमाल दिली होती तिच्याही वर. आवरणांवर मात्र एकही खूण नव्हती. एखाद्याने बढती मिळाल्यासारखा आनंद मानला असता. दादाने उरलेली सदतीस काडतुसे घरी आणून एकेक उकलली.

“वेग फुकट मिळत नाही,” तो म्हणाला. “जास्तीचा वेग आला म्हणजे बहुधा कुठून तरी जास्तीचा दाब आला.”

मग त्याने समजावले ते असे. टोपीचा पत्रा प्रत्येक कारखान्याचा वेगळा; मऊ असेल तर साध्या दाबालाही सपाट होतो, टणक असेल तर जादा दाबातही गोल राहतो. मॅग्नमच्या आवरणाला बुडाशी पट्टा असतो. मागेपुढे थोडी जागा राहिली तर टोपी दाबाविनाही चपटी होते. म्हणजे खूण खोटे बोलू शकते. आणि खूण नसणे त्याहून अधिक फसवे, कारण पितळ आणि पोलाद तक्रार करू लागतात तेव्हा मर्यादा बहुधा केव्हाच ओलांडलेली असते. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली टांगत्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, त्याच्या झोक्यावरून वेग काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून या विद्येची वाट नजरेकडून मापाकडे गेली आहे. खुणा पाहायच्याच, दिसली तर तिथेच थांबायचे. पण दिसली नाही म्हणून पुढे जायचे नाही.

दादा सारखा ‘प्रेशर’ म्हणत होता आणि मी सवयीने मनात ‘दाब’ असे भाषांतर करत होतो. त्या भाषांतराने माझी झोप घालवली.

आमच्या आप्पांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. २०११च्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, “डोके दुखत नाही, चक्कर नाही, रोज चार किलोमीटर चालतो. मग ही गोळी कशाला?” मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “त्रास नाही ना? मग राहू द्या थोडे दिवस.” घरात दाब मोजण्याचे यंत्र होते, कपाटात, खोक्यासकट. श्रावणात त्यांना पक्षाघात झाला. नंतरची दीड वर्षे ते बोलू शकले नाहीत. ज्यांनी मला शब्दांची गोडी लावली, ते.

हे मी दादाला सकाळी सांगितले. त्याच्या काकांविषयी एवढे त्यालाही ठाऊक नव्हते. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तुला खुणा वाचता आल्या नाहीत असे नाही. खुणा नव्हत्याच.” त्यात दिलासा होता, पण सुटका नव्हती, यंत्र कपाटात होते.

परत आल्यावर मी ते खोके उघडले. आतली रबरी नळी वाळून चिरली होती. नवे यंत्र आणले, वही केली. रोज सकाळी आकडा लिहितो. मला काहीही त्रास होत नाही.