बाबांची फूटपट्टी

बाबा आयुष्यभर मुद्रितशोधक होते. प्रुफं वाचताना ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायची आणि ओळ संपली की ती खाली सरकवायची, ही त्यांची पद्धत. मधेच चहाला उठले तरी पट्टी कागदावर तशीच. परत आले की तिथूनच पुढे.

काचबिंदूचं निदान उशिरा झालं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची असते. बाबांची कडेची नजर जात चालली होती. समोरचा शब्द दिसायचा, पान दिसायचं नाही. मी मॅकवर चालणारी सॉफ्टवेअरं लिहिते. म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत मजकूर दाखवणारं एक छोटं अ‍ॅप्लिकेशन करायला घेतलं. एका शनिवारचं काम, असं मला वाटलं.

स्क्रोल करताना मजकूर वर सरकतो असं आपल्याला दिसतं. प्रोग्रामच्या हिशेबात मजकूर जागचा हलत नाही. कोकोआमध्ये तीन व्ह्यू एकात एक बसवलेले असतात : बाहेर स्क्रोल व्ह्यू, त्याच्या आत क्लिप व्ह्यू आणि त्याच्या आत अख्खा दस्तऐवज. क्लिप व्ह्यू ही खिडकी. स्क्रोल केलं की तिच्या 'बाउंड्स'चा आरंभबिंदू बदलतो, म्हणजे दस्तऐवजाचा कुठला तुकडा दिसणार एवढंच बदलतं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. चार ओळींची बातमी उघडली, तर ती खिडकीच्या तळाशी जाऊन बसली. इथे व्ह्यूचा शून्यबिंदू मुळात डावीकडे खाली असतो, शाळेतल्या आलेखासारखा. पान वरून सुरू व्हायला हवं तर व्ह्यूने 'मी उलटा आहे' असं कबूल करावं लागतं. ते एका ओळीत भागलं.

खरा दोष बाबांनी काढला. "अगं, अक्षर मोठं केलं की माझी ओळ हरवते."

मी करून पाहिलं. मला काही खटकलं नाही, कारण मी नजर फिरवून ओळ चटकन शोधत होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाबा पडद्याला फूटपट्टी लावून बसलेले. पट्टी जागच्या जागी, आणि तिच्याखालून मजकूर कधीच निघून गेलेला.

मग कागदावर हिशेब मांडला. अक्षराचा आकार दुप्पट केला की ओळीची उंची दुप्पट होते. शिवाय एका ओळीत निम्मेच शब्द मावतात, म्हणून ओळीही साधारण दुप्पट होतात. १२,००० पॉइंट लांबीचा मजकूर ४८,०००चा होतो. माझा प्रोग्राम मात्र ३,००० हा आकडा इमानाने धरून बसलेला. आधी त्याचा अर्थ होता पाव मजकूर वाचून झाला. आता झाला सोळावा हिस्सा. बाबा दर वेळी वाचलेल्या मजकुरात मागे फेकले जात होते आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देत होते.

इतकी वर्षं मी वाचकाची जागा म्हणून आकडाच साठवत आले होते. वाचणारा आकड्यापाशी नसतो, शब्दापाशी असतो.

ते वाचत असलेल्या ओळीखाली मी एक जाड रेघ काढली. बाणाची कळ दाबली की ती पुढच्या ओळीवर जाते. आकार बदलण्याआधी त्या ओळीचं पहिलं अक्षर मजकुरातलं कितवं ते टिपून ठेवायचं, मांडणी नव्याने होऊ द्यायची आणि मग ते अक्षर जिथे गेलं असेल तिथे खिडकी न्यायची. सगळा मिळून वीसेक ओळींचा कोड.

बाबांनी अक्षर मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. रेघ ओळीखालीच होती. फूटपट्टी त्यांनी खणात ठेवून दिली.

हल्ली अक्षर ४८ पॉइंटांवर आहे. एका नजरेत दोन-तीन शब्दच मावतात. परवा हाक मारून त्यांनी मला पडद्यापाशी बोलावलं. बटणावर मी 'मागिल ओळ' असं लिहिलं होतं.

"दीर्घ," ते म्हणाले.