मुखवटा नसलेला खलनायक

खलनायक पाहताक्षणी ओळखू यावा, अशी आपली जुनी अपेक्षा आहे. नाटक-सिनेमांनी त्याला पिळदार मिशा दिल्या, तिरकी नजर दिली आणि पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळावे असे गडगडाटी हसू दिले. लोकनाट्यात तर त्याने चेहराच रंगवलेला असतो. पण त्या रंगाची भीती वाटत नाही, कारण दशावतारात रात्री रावण होऊन गर्जणारा माणूस सकाळी शेतावर जातो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. त्याला आपण 'सोंग' म्हणतो. सोंगाआड कोण आहे हे माहीत असण्यातच सोंगाची गंमत. ते माहीत नसले, की त्याच गोष्टीचे वेगळेच काही होऊन बसते.

या 'वेगळ्याच'विषयी मी विचार करू लागले, त्याला कारण माझी वसतिगृहातली पार्टनर. ती मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, भक्त आहे. उजवीकडून डावीकडे वाचायच्या या पुस्तकांत ती परीक्षेच्या आदल्या रात्रीही बुडालेली असते. तिच्या आग्रहाने मी 'नारुतो' वाचायला घेतली. मासाशी किशिमोतो यांची ही कथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे जपानमधल्या एका साप्ताहिकात चालली. तिची सातशे प्रकरणे आहेत. तीत तोबी नावाचे एक पात्र येते. चेहऱ्यावर नारिंगी मुखवटा, त्यावर भोवऱ्यासारख्या रेघा आणि एका डोळ्यापुरते भोक. सुरुवातीला हा निव्वळ विदूषक वाटतो. मग कळते, की साऱ्या कटाचा सूत्रधार हाच. पुढे तो स्वतःला उचिहा मादारा या जुन्या, दरारा असलेल्या योद्ध्याचे नाव लावून घेतो. म्हणजे चेहऱ्यावर मुखवटा आणि नावावरही मुखवटा! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात अखेर त्याचा मुखवटा फुटतो. आतून निघतो ओबितो. लहानपणी युद्धात दरडीखाली सापडून मेला असे समजून ज्याचे नाव गावाने हुतात्म्यांच्या शिळेवर कोरले, तो मुलगा! त्याला ओळखतो कोण, तर काकाशी, त्याचा बालमित्र, ज्याला त्याने मरता मरता आपला एक डोळा दिला होता. वर्षानुवर्षे जगभरच्या वाचकांनी 'तो कोण?' यावर तर्क लढवले होते. उत्तर मिळाले आणि त्याबरोबर कारणही मिळाले. डोळ्यांदेखत मारल्या गेलेल्या मैत्रिणीच्या दुःखाने हा मुलगा जगावरच उलटला होता.

पार्टनरने पुस्तक मिटून मला विचारले, "तुमच्या मराठीत आहे का असा कोणी?" मी म्हटले, "आहे. आणि तो आमच्या गावचा आहे."

मी निपाणीची. पुण्यात नवी ओळख झाली आणि गावाचे नाव सांगितले, की पन्नाशीपुढची माणसे हटकून हसतात आणि म्हणतात, "निपाणी! म्हणजे लखोबा लोखंडे!" पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे, तंबाखूच्या पेठेचे हे गाव १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. घरात मराठी आणि कागदावर कर्नाटक अशा दोन ओळखींत आम्ही वाढलो. पण महाराष्ट्राला आमचे गाव ठाऊक झाले ते आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मुळे. एका खऱ्या खटल्यावर बेतलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते. फिरत्या रंगमंचावर न्यायालय आणि आरोपीची पूर्वायुष्ये आलटून पालटून समोर येत आणि तेवढ्या वेळात प्रभाकर पणशीकर वेष बदलून नवा माणूस होऊन उभे राहत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज. नावे पाच, माणूस एक. लग्नाचे आमिष दाखवून त्याने बायकांना फसवलेले आहे आणि प्रत्येक साक्षीला त्याचे एकच उत्तर आहे, जे नाटकाचे नाव आहे.

आता तोबी आणि लखोबा शेजारी शेजारी उभे करून पाहा. लखोबाच्या तोंडावर मुखवटा नाही. न्यायालयाच्या भर उजेडात तो उघड्या चेहऱ्याने उभा आहे. मग त्याला लपवले कशाने? कॅप्टनला गणवेशाने, शास्त्र्याला पगडी-उपरण्याने आणि संस्कृत उच्चारांनी, महाराजाला भगव्या वस्त्राने. म्हणजे त्याने स्वतःचा चेहरा झाकलाच नाही, आपली ओळखण्याची सवय तेवढी वापरली. आपण माणूस पाहतच नाही. आडनाव ऐकतो, पोशाख पाहतो, बोलण्याची ढब ऐकतो आणि 'स्थळ चांगले आहे' म्हणून मोकळे होतो. तोबीचा मुखवटा हातोड्याने फुटेल. लखोबाचा कसा फोडणार? तो आपल्याच डोळ्यांवर बसलेला आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीचे, आमच्या आत्तीचे, लग्न १९९५ साली झाले. स्थळ ओळखीच्यांच्या ओळखीतून आलेले. मुलगा मुंबईत साहेब आहे असे सांगितलेले. इस्त्रीचे कपडे, हातात ब्रीफकेस, बोलणे मिठ्ठास. पाचव्या महिन्यात कळले, की नाव निराळे, आडनाव निराळे आणि दुसऱ्या तालुक्यात बायको नि दोन मुले आहेत. घरची माणसे तिथे गेली, तेव्हा त्या गृहस्थाने लग्नाचा फोटो हातात घेऊन शांतपणे न्याहाळला आणि म्हटले, "दिसतोय खरा माझ्यासारखा."

आत्तीने दाद मागायची ठरवली. जिथे गेली तिथे पुरावा मागितला गेला. फोटोत त्याचे अर्धे कपाळ बाशिंगाने झाकलेले. पत्रिकेवर छापलेले नाव त्याचे नव्हतेच, तेव्हा पत्रिकेचा उपयोग नाही. भटजी त्यानेच बाहेरून आणलेला, तो पुन्हा दिसला नाही. पाहा कसा न्याय आहे! त्याचा प्रत्येक खोटेपणा त्याच्याच बाजूचा पुरावा झाला. आणि जी खरे बोलत होती, तिला मात्र विचारले गेले, "चौकशी नाही केलीत तुम्ही आधी?" वर्षभराने भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी "आपलीच अब्रू जाते" म्हणून तिला माघारी बसवले. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही' असे आपल्यात म्हणतात. त्या माणसाने तेही आणून दाखवले होते. आणि सोंग संपल्यावर तो दुसरे नाव घेऊन मोकळा झाला. आत्तीला मात्र तेच नाव, तेच गाव आणि तीच गल्ली होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला हे नाटक मोबाइलवर दाखवले. दाखवावे की नाही याचा खूप विचार केला होता. पण लखोबाच्या हजरजबाबीपणावर ती माझ्याहून जास्त हसली. आरोपी स्वतःच साक्षीदार बायकांची उलटतपासणी घेऊ लागला, तेव्हा मात्र तिचे हसणे थांबले. जरा वेळाने ती म्हणाली, "ह्यो बोलतोय झ्याक. त्योबी झ्याकच बोलायचा." आणि मग, "बघणाऱ्यास्नी पयल्यापासनं ठावं असतंय, बायका खरं बोलत्यात म्हणून. म्हणून हसाय येतंय. आमच्या येळंला बघणारं कोण नव्हतं, बाळ."

तीन वर्षे मी साहित्यशास्त्र शिकते आहे, पण प्रेक्षकाच्या जागेविषयी इतके नेमके मी कुठे वाचलेले नाही. नाटकात साऱ्या सभागृहाने लखोबाची पाचही सोंगे पाहिलेली असतात. म्हणून त्याच्या नकाराला आपण टाळ्या देऊ शकतो. मंगामध्येही मुखवटा फुटतो तो आपल्या डोळ्यांदेखत. प्रत्यक्षात तो क्षण येत नाही. कोणी शिळा फोडत नाही, फिरता रंगमंच गर्रकन वळून मागची खोली दाखवत नाही. असते ती एकटी एक बाई, बोट दाखवून 'हाच तो' म्हणणारी. त्या बोटावर विश्वास ठेवायचा की इस्त्रीच्या कपड्यांवर, एवढाच प्रश्न उरतो. ओबितोला काकाशीने ओळखले, कारण त्याने त्याच्यावर माया केली होती. लखोबाला ओळखणाऱ्या बायकांनीही कधीतरी त्याला जीव लावला होता. खरी ओळख अशा माणसांपाशीच असते, आणि नेमकी त्यांचीच साक्ष आपल्याला अपुरी वाटते.

म्हणून 'मुखवट्याआड कोण?' हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. त्याच्या जोडीला 'ओळखणारीचे ऐकणार कोण?' हा प्रश्न हवा. तर्क लढवण्यात आपण सारे हुशार आहोत. ऐकण्याचे काम मागे पडते. आज स्थळे मोबाइलवर येतात, फोटो हवा तसा उजळता येतो, नाव हवे ते टाकता येते. लखोबाला आता वेष बदलायला फिरत्या रंगमंचाचीही गरज उरलेली नाही.

१३ जानेवारी २०११ रोजी प्रभाकर पणशीकरांचे याच पुण्यात निधन झाले. हजारो रात्री रंगमंचावर स्वतःला नाकारणाऱ्या या नटाने आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'तोच मी'. सोंग संपल्यावर असे सांगता येणे ही नटाची श्रीमंती आहे. आमची आत्ती आज गावात शिवणाचा वर्ग चालवते. माझी वसतिगृहाची फी त्यातूनच येते. वर्गाच्या पाटीवर तिने स्वतःचे नाव लिहिले आहे, पुढे वडिलांचे, आणि माहेरचे आडनाव. ते नाव मी इथे लिहावे का, असे तिला विचारले होते. ती म्हणाली, "लिव्ह की. म्या काय लपवलंय?" मीच लिहिले नाही, गावात आजही लोक पुरावा मागतात. पण पाटी रस्त्यावर आहे, आणि वाचता येणाऱ्या कुणालाही ती वाचता येते.