फोटो मजकुराच्याच घरी हवेत

रेडिट या चर्चेच्या साइटने २०१६ साली फोटो ठेवायची सोय स्वतःकडेच सुरू केली, तेव्हा मी इमगुरच्या बाजूने तावातावाने भांडत असे. ॲलन शाफ या ओहायोतल्या विद्यार्थ्याने २००९ मध्ये रेडिटकरांना भेट म्हणून इमगुर ही फोटो ठेवायची साइट बनवली. फोटोंचा भार इमगुरने वाहिला आणि गर्दी जमल्यावर रेडिट आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलं, असं माझं ठाम मत होतं.

आज ते मत राहिलेलं नाही. ते हललं २०१७ मध्ये. फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने नियम केला, की आमच्याकडचे फोटो इतर साइटवर दाखवायचे तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर भरा. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली टिपणं एका फटक्यात निकामी झाली. ‘खाली दाखवलेला स्क्रू आधी सैल करा’ हे वाक्य शाबूत, आणि खाली फोटोच्या जागी पैसे भरायची सूचना. लिहिणारा आता हयात नसेल, तर तो स्क्रू कोण दाखवणार?

मग मी अशा साइटचा व्यवहार नीट पाहिला. बाहेरच्या साइटवरचा फोटो थेट लिंकने उघडला की वाचक त्या साइटवर फिरकतच नाही. तिची जाहिरात कुणी पाहत नाही, डेटाचा खर्च मात्र तिच्या डोक्यावर. हे फार काळ चालणारं नव्हतंच. इमगुर २०२१ मध्ये मीडियालॅब या कंपनीकडे गेलं आणि मे २०२३ पासून, खातं न उघडता चढवलेले, वापरात नसलेले जुने फोटो काढून टाकायचं धोरण तिथे लागू झालं.

ट्विटरवरचे फोटो ठेवणाऱ्या ट्विटपिक या बाहेरच्या साइटची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त खटकायची. ट्विटरने २०११ मध्ये फोटोंची स्वतःची सोय आणली, २०१४ मध्ये ट्रेडमार्कच्या वादात ट्विटपिक बंद पडलं. हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा २००९ मधला तो प्रसिद्ध फोटो तिथलाच. पण बंद होताना तो सगळा साठा ताब्यात घेऊन वाचवला तो ट्विटरनेच.

म्हणून आता मी म्हणतो, मजकूर जिथे, फोटो तिथेच असावा. मात्र लिहिणाऱ्याला आपला फोटो मूळ आकारात परत घेता आला पाहिजे. हा आग्रह मी सोडणार नाही. तुमच्या जुन्या लिखाणातले फोटो अजून बाहेरच्या लिंकवर असतील, तर दिसताहेत तोवर उतरवून घ्या, मजकुरातच पुन्हा चढवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.